दुखत नाही, तरी मोजा

बीपीची गोळी सुरू करायची म्हटलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मला तर काहीच होत नाही." डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, जिने चढता येतात, शेतातलं काम होतं, मग गोळी कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे. काहीतरी दुखलं तरच आजार, ही समज पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि पटकी, देवी, हिवताप यांच्या काळात ती बऱ्याच अंशी खरीही होती. पण आज जगभर ज्या आजारांनी सर्वांत जास्त माणसं जातात, त्यांची सुरुवात कसलंही दुखणं न देता होते. ते आजार कशामुळे होतात आणि त्यासाठी आपल्या घरात नेमकं काय करता येतं, ते या लेखात सांगतो. त्यात भर रक्तदाबावर जास्त आहे, आणि तो मुद्दाम दिला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांनी जगात किमान ४ कोटी ३० लाख माणसं दगावली. त्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे १ कोटी ९० लाख. त्याखालोखाल कर्करोगाने १ कोटी, फुप्फुसांच्या जुनाट आजारांनी ४० लाख आणि मधुमेहाने, त्यातून उद्भवणारे मूत्रपिंडाचे विकार धरून, २० लाखांहून अधिक. या सगळ्यांतली १ कोटी ८० लाख माणसं सत्तरी गाठण्याआधीच गेली, आणि अशा अकाली मृत्यूंपैकी ८२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. हे श्रीमंतांचे आजार आहेत ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

केवळ मृत्यू मोजून भागत नाही, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ या दोघांनी ठासून मांडलं. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालासाठी त्यांनी आजारांचा भार मोजण्याची नवी पद्धत वापरली : अकाली मृत्यूमुळे आयुष्याची किती वर्षं गेली आणि अपंगत्वात, आजारपणात किती वर्षं काढावी लागली, या दोन्हींची बेरीज. बावन्नाव्या वर्षी पक्षाघात झालेला कर्ता माणूस पुढे वीस वर्षं जगला, तर मृत्यूच्या नोंदीत तो कुठेच दिसत नाही. घराला मात्र ती वीस वर्षं रोज दिसतात. म्हणून ही पद्धत मला जास्त माणुसकीची वाटते.

याच पद्धतीवर उभ्या राहिलेल्या जागतिक अभ्यासाने पुढे कारणांचीही यादी केली. २०१९ मध्ये वाढलेल्या रक्तदाबामुळे जगात सुमारे १ कोटी ८ लाख मृत्यू झाले, तंबाखूमुळे ८७ लाख, चुकीच्या आहारामुळे ७९ लाख, हवेच्या प्रदूषणामुळे ६७ लाख, वाढलेल्या रक्तशर्करेमुळे ६५ लाख. एका मृत्यूमागे दोन-तीन कारणं असू शकतात, त्यामुळे हे आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत, त्यांची बेरीज करायची नसते. २०२१ चा हिशेब गमावलेल्या वर्षांत केला, तेव्हा हवेतल्या सूक्ष्म कणांचा क्रमांक पहिला लागला आणि रक्तदाब अगदी त्याच्या मागे होता. आपल्या देशात १९९० मध्ये आजारांच्या एकूण भारातला असंसर्गजन्य आजारांचा वाटा सुमारे ३० टक्के होता, तो २०१६ पर्यंत ५५ टक्क्यांवर गेला. आपल्या आजी-आजोबांच्या घरातलं आजारपण आणि आपल्या घरातलं आजारपण इतकं बदललं आहे, पण सवयी अजून तेव्हाच्याच आहेत : दुखलं की दवाखाना.

आधी आकडा कळू द्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ या वयातल्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते माहीतच नाही. त्याच अहवालात भारताचा आकडा १८ कोटी ८० लाखांच्या घरात आहे. त्यांपैकी निदान झालेले ३७ टक्के, उपचार घेणारे ३० टक्के आणि ज्यांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे असे अवघे १५ टक्के. शंभरातले पंच्याऐंशी लोक धोक्यात राहतात, आणि तेही अशा आजारात, ज्याची औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. या यादीतल्या बाकीच्या कुठल्याच कारणावर इतका सोपा उपाय हाताशी नाही. रक्तदाबावर भर देतो तो यासाठीच.

वाढलेला दाब रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक थराला वर्षानुवर्षं घासत राहतो. वाहिन्या कडक होतात, हृदयाचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंडातली बारीक चाळणी खराब होते, डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. यातलं काहीही सुरुवातीला जाणवत नाही. डोकं दुखलं की बीपी वाढलं असणार, हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, आणि डोकं दुखत नाही म्हणून बीपी ठीक असेल हा अंदाज त्याहून जास्त चुकतो. मोजणं हा एकच मार्ग आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. आई-वडिलांपैकी कुणाला असेल, वजन जास्त असेल, मधुमेह असेल, तर त्याहून लवकर-लवकर. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. बाळंतपणानंतर तो उतरला तरी पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त राहतो, आणि ही गोष्ट दवाखान्यातून घरी येताना त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

मोजण्याची रीत नीट नसेल तर आकडा फसवतो. जिने चढून आल्या-आल्या, चहा घेतल्यावर, तंबाखू खाल्ल्यावर किंवा लघवीला लागलेली असताना मोजू नका. निदान अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. खुर्चीवर पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय टाकलेला नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला टेकलेला हवा. तो खाली लोंबत असेल तर आकडा उगाच फुगतो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, शर्टाच्या बाहीवर नाही. मशीन चालू असताना बोलायचं नाही, आणि समोरच्याने बोलायला लावायचंही नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्यांदाच मोजत असाल तर दोन्ही हातांचा पाहा आणि ज्या हाताचा जास्त येतो, त्याच हाताचा पुढे पाहत राहा.

घरी मशीन घ्यायचं असेल तर दंडावर पट्टा बांधायचंच घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्याने नसलेलं बीपी दिसतं आणि नको असलेली गोळी सुरू होते. दवाखान्यात वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे, वेगवेगळ्या दिवशी आला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. घरी हीच मर्यादा १३५ आणि ८५ अशी थोडी खाली धरतात. एका आकड्यावर निर्णय नको. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. दर तासाला मशीन लावून बसणारी माणसंही असतात. त्यांना माझं सांगणं आहे की त्याने काळजी वाढते आणि काळजीने बीपी. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, दृष्टी अंधुक होणं, बोबडं बोलणं असं काही असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

लागलेली गोळी

"एकदा गोळी लागली की सुटत नाही" ही भीती खरी आहे, आणि तिचं उत्तर नीट द्यायला हवं. गोळीची सवय लागत नाही. वाहिन्यांचा कडकपणा गेलेला नसतो, म्हणून गोळी थांबली की दाब परत पूर्वीच्या जागी येतो. गोळी चालू असताना आकडा १२५ दिसला, की 'बरं झालं' असं समजून ती बंद करणं ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तो १२५ गोळीमुळेच आहे. काही लोकांची गोळी वजन उतरवून, मीठ कमी करून, दारू सोडून कमी होते, क्वचित बंदही होते. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू. काही औषधं एकाएकी बंद केली तर दाब आणि नाडी उसळून वर येते, आणि तो धोका फार मोठा आहे.

बहुतेकांना पुढे-मागे दोन प्रकारच्या गोळ्या लागतात. गोळी वाढली म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नाही. दोन औषधांचे लहान डोस बऱ्याचदा एका औषधाच्या मोठ्या डोसापेक्षा चांगलं काम करतात आणि त्रासही कमी देतात. वरचा आकडा अवघ्या ५ ने खाली आणला तरी हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, असं लाखो रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये दिसलं आहे. 'अगदी १२० आला नाही म्हणजे काय उपयोग' असं म्हणून कुणी निराश होऊ नये.

गोळीचा त्रास झाला तर? अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, आणि तो महिनोन्‌महिने 'ॲलर्जीचा' म्हणून चालवून घेतला जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने रात्री उठावं लागतं, कारण ती संध्याकाळी घेतलेली असते. हे सगळं बदलता येतं, औषधंही आणि वेळाही. त्रास सांगा, पण मनाने थांबवू नका. त्याच जोडीला आणखी एक गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा : गुडघे-कंबरेसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांच्यामुळे रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. खोकल्यावर रोज चघळला जाणारा ज्येष्ठमधही दाब वाढवतो. बीपी 'काही केल्या उतरत नाही' अशा घरात मी सर्वांत आधी या दोन गोष्टी विचारीन.

उपवासाचं काय, हा प्रश्न चातुर्मासात, नवरात्रात आणि रमजानच्या महिन्यात घरोघरी असतो. उपवासाला पाणी चालत असेल तर बीपीची गोळी पाण्याबरोबर घेता येते, त्यासाठी जेवणाची गरज नसते. पाणीही वर्ज्य असेल तर वेळ बदलून मिळते, आधी विचारून घ्या. मधुमेहाची गोष्ट मात्र वेगळी आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. उपवास सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घेणं आवश्यक आहे. वारीला, लग्नाला, गावाकडच्या जत्रेला निघताना गोळ्यांचा पुडा पिशवीत आधी गेला पाहिजे, आणि परतीला उशीर होईल असं धरून चार-आठ दिवसांच्या जास्तच.

पैशांमुळे गोळी तुटू नये. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि जिल्हे होते सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा. त्यात नवं औषध कुठलंच नव्हतं. ठरावीक, मोजकी औषधं, त्यांचा न तुटणारा पुरवठा, नर्स आणि आरोग्यसेविकांना सोबत घेऊन केलेला पाठपुरावा, आणि न आलेल्या रुग्णाला फोन. एवढ्यावर नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. देशाचे १५ टक्के आठवले की या निम्म्यांचं मोल कळतं. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात नाव नोंदवा, महिन्याच्या गोळ्या तिथून घ्या, आणि साठा संपला असेल तर गप्प बसून घरी येऊ नका, विचारा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग, आणि बायकांच्या बाबतीत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात बसते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो त्याचसाठी असतो. त्यांना दारातूनच 'आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत' असं सांगून परत पाठवू नये, ही कळकळीची विनंती.

मिठाचा हिशेब

दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि आपणही फार मागे नाही. पण चमचा मोजत स्वयंपाक कुणी करत नाही. त्यापेक्षा सोपी रीत अशी : मिठाची एक किलोची पिशवी उघडली की तिच्यावर तारीख लिहा. घरात चार मोठी माणसं असतील तर ती पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. महिन्यातच संपत असेल तर उत्तर मिळालं. आणि हे फक्त डब्यातलं मीठ झालं. फरसाण, बिस्किटं, पाव, सॉस, नूडल्स आणि बाहेरच्या जेवणातून येणारं त्यात धरलेलंच नाही.

आपल्या पानाची डावी बाजू पाहा : मीठ, लोणचं, चटणी, पापड. कोशिंबिरीतही मीठ पडलेलं असतंच. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, म्हणजे सोडियम दोन्हींकडून येतं. कोकणात खारवलेले बोंबील, सुकट हा पावसाळ्याचा आधार आहे. तो सोडा असं मी म्हणणार नाही, पण ते दोन-तीन पाण्यांतून काढा आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. पानातलं मीठ आधी काढा. नंतर आमटी-भाजीतलं हळूहळू कमी करा, आठवड्याला थोडं, घरच्यांना न सांगता केलं तरी चालेल. तीन-चार आठवड्यांत जीभ जुळवून घेते. चव राखायला लिंबू, कोकम, चिंच, लसूण, ओली मिरची, कढीपत्ता, भाजलेले तीळ आहेतच. भाताला आणि पोळीच्या कणकेला मीठ नसेल तर बाकीच्या जेवणात कुणाला फरकही कळत नाही. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. सैंधव, काळं मीठ, जाडं मीठ हीसुद्धा मीठच आहेत, रक्तदाबाच्या दृष्टीने त्यांत सवलत नाही.

सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं मीठ बाजारात मिळतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर, म्हणजे ज्यांना आधी पक्षाघात झाला होता किंवा जे साठीपुढचे असून रक्तदाबाचे रुग्ण होते अशांवर, या मिठाचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे किंवा ज्यांना टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नये. घर एकत्र जेवतं, म्हणून घरात असा एक जरी माणूस असेल तरी हाच नियम.

मिश्री, चूल आणि बारीक हातपाय

तंबाखू म्हटलं की डोळ्यांसमोर सिगारेट येते. महाराष्ट्राची गोष्ट निराळी आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले फार मोठ्या संख्येने धूर न काढणारे होते : चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, आणि बायकांची मिश्री. मिश्रीला बायका व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. दिवसातून चार-पाच वेळा दात घासले जातात आणि प्रत्येक वेळी निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात, २००४ साली, अशी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, शिवाय अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही जास्त होती. सोडताना पहिले दोन-तीन आठवडे अवघड जातात : चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, पोट साफ न होणं. हे उतरणार आहे एवढं ठाऊक असलं तरी धीर येतो. १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला आहे, तिथे समुपदेशन मिळतं. डॉक्टरांकडून निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम मिळतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यांपैकी काही असेल तर दाताच्या दवाखान्यात लगेच जा.

हलकं बाळ ही गोष्ट पुढे कुठे जाते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून समजतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं त्यांनी इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी आपला आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

याचा घरगुती अर्थ असा की बारीक हातपाय पाहून मधुमेह नसेल असं समजू नये. वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर तिशीतच साखर तपासा. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा अधिक दोन वेळा आली म्हणजे मधुमेह. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वाधिक निघालं, २६.४ टक्के, आणि उंबरठ्यावरचे लोक देशभरात १३ कोटी ६० लाख. उंबरठ्यावर असताना थोडं वजन उतरवून, रोज अर्धा तास भरभर चालून, ताटातला भात-पोळी-साखर कमी करून डाळ-उसळ-भाजी वाढवली, तर बऱ्याच जणांचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी सोयीची आहे, पण रक्त कमी असेल किंवा घराण्यात सिकलसेल असेल, तर ती फसवते. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि तळपाय तपासून घ्या. डोळ्यांचं दिसणं आणि डोळ्यांचा पडदा ठीक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला कमी लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

धुराबद्दल थोडक्यात. बिडी न ओढलेल्या बायकांना फुप्फुसांचा जुनाट आजार होतो, आणि त्यामागे चुलीचा धूर मोठं कारण आहे, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ पासून जगापुढे मांडलं. गॅस असूनही पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटतच असेल तर निदान ती पडवीत, उघड्यावर न्या, आणि त्या वेळी लहान मुलं जवळ नकोत. चढाला धाप लागणं, दर हिवाळ्यात महिनाभर खोकला, याला 'वय झालं' म्हणू नका, फुंकून करायची तपासणी करून घ्या. इन्हेलर शेवटचा उपाय नसतो. त्यात औषध गोळीपेक्षा फार कमी मात्रेत आणि थेट फुप्फुसात जातं.

हे सगळं माणसाच्या एकट्याच्या हातात आहे असं मी मानत नाही. फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांतात १९७२ मध्ये हृदयविकाराविरुद्ध काम सुरू झालं, तेव्हा दूधसंघ, बेकऱ्या, शाळा, बायकांची मंडळं, सगळ्यांना त्यात ओढलं गेलं. चार दशकांत काम करत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. आपल्याकडेही पाकिटावर ठळक इशारा, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय विकायचं याचे नियम, चालायला मोकळा पदपथ, या मागण्या ग्रामसभेत आणि प्रभागात करायच्या गोष्टी आहेत. तोवर आपल्या घरची वही आपण सुरू करू शकतो.

आणि एवढं करूनही कधी अंगावरून वारं गेलंच, तर काय करायचं ते घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असावं. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर धरला की खाली पडतो, बोलणं बोबडं किंवा शब्दच सुचत नाहीत : यांतलं एकही लक्षण अचानक दिसलं की १०८ ला फोन. तेल चोळत बसायचं नाही, कबुतराच्या रक्ताच्या शोधात कुणाला पाठवायचं नाही, तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालायचं नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाच-दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला तरी रुग्णालयात न्यायचंच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो, म्हणून जवळ सीटी स्कॅन कुठे आहे ते आजच चौकशी करून भिंतीवर लिहून ठेवा. निघताना चालू गोळ्यांचे पुडे आणि बीपीची वही सोबत घ्या. माणूस शेवटचा नीट बोलताना-चालताना किती वाजता दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवा. तिथे पोहोचल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.